जन्मदिवशीच्या बातमीचा शोध : भोर व वेल्हे तालुक्यांतील इसमांकरिता

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार अनुबंधांचा विचार करावा, असा जुन्या ग्रंथकारांचा दंडक आहे, आणि तो येथेही पाळलेला बरा. विषय हा की, आपण ज्या दिवशी या भूतलावर अवतीर्ण झालो त्या दिवशी वर्तमानपत्रांत काय छापून आले होते, याचा छडा लावणे. प्रयोजन हे की, साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन अशा प्रसंगी शाल-नारळाच्या जोडीला त्या दिवसाच्या अंकाचे पहिले पान काचेच्या चौकटीत बसवून उत्सवमूर्तीच्या हाती देण्याची जी टूम पुण्यात निघाली, ती कात्रजचा घाट ओलांडून आता आमच्याकडेही येऊन पोचली आहे. संबंध म्हणाल, तर उत्सवमूर्तीचा त्या पानाशी बहुधा काहीएक नसतो.

राहता राहिला अधिकारी, आणि खरी मेख आहे ती येथेच. ज्याचा जन्म शहरातल्या प्रसूतिगृहात झाला आणि ज्याच्या वडिलांनी बारशाच्या आधी नगरपालिकेत रीतसर वर्दी दिली, त्याला हे शास्त्र शिकवण्याची गरज नाही. त्याने ग्रंथालयात जावे, तारीख सांगावी, फाइल मागवावी आणि दुपारच्या जेवणाला घरी परत यावे. प्रस्तुत उपदेश आहे तो, ज्यांचा जन्म तोरण्याच्या किंवा रायरेश्वराच्या पायथ्याशी एखाद्या वाडीत, सुइणीच्या हातांवर, चिमणीच्या उजेडात झाला आणि ज्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख म्हणून १ जून विराजमान आहे, अशांकरिता.

कलम पहिले. दाखल्यावरच्या तारखेवर विश्वास ठेवू नये.

आमच्या या दोन तालुक्यांतील साठीपुढची मंडळी लग्नाच्या मांडवात जमली आणि कोणी सहज वाढदिवस विचारले, तर १ जूनवाल्यांची एक स्वतंत्र पंगत बसू शकेल. तीत दोन सख्खे भाऊ असतील, त्यांचा चुलता असेल आणि चुलत्याचा व्याहीही असेल. या चमत्काराचा ग्रहांशी संबंध नाही. तो सर्वस्वी गुरुजींच्या टाकाचा प्रताप होय. जूनमध्ये शाळा उघडे आणि पहिल्या पावसात भिजलेले पोर घेऊन त्याचा आजा दाराशी उभा राही. जन्म कधीचा, असे विचारले की तो ‘आवणीतला’ म्हणून सांगे. हे उत्तर घरच्यांना पुरेसे असले तरी जनरल रजिस्टरच्या रकान्याला अपुरे पडे. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास लावीत. कान बोटांना लागला की वय सहा भरले, हा त्या खात्याचा सिद्धांत होता. चालू सालातून सहा वजा करावेत, पुढे १ जून लिहावा आणि दुसऱ्या पोराला पुढे बोलवावे.

अशा एका जुन्या रजिस्टराचे दर्शन मला घडलेले आहे. खाकी कापडाचा पुठ्ठा, शाई पिकून तपकिरी झालेली. पानाच्या शिरोभागी पहिल्या मुलापुढे ‘१ जून’ ही तारीख अंकी व अक्षरी, वळणदार हस्ताक्षरात. त्याच्याखाली दुसऱ्या मुलापुढे ‘सदर’. तिसऱ्यापुढे ‘सदर’ शब्दातला र गळालेला. आणि चौथ्यापासून तळापर्यंत एकच उभी रेघ, तिच्या शेवटी बाणाचे टोक. एवढ्या रेघेत मध्येच एक खंड होता. तेथे एका मुलापुढे १७ नोव्हेंबर अशी तारीख स्पष्ट लिहिली होती. चौकशी करता तो मुलगा गुरुजींचा स्वतःचा असल्याचे निष्पन्न झाले.

या रेघेची किंमत काय पडते, हे पुढे सरकारी नोकरीत गेलेल्यांना कळते. ज्या महिन्यात वयाची अठ्ठावन्न वर्षे पुरी होतात त्या महिन्याच्या अखेरीस कर्मचारी सेवानिवृत्त होतो. परंतु ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, त्याला आदल्याच महिन्याच्या अखेरीस घरी बसावे लागते. सबब १ जूनवाले ३१ मे रोजी निवृत्त होतात, आणि त्या दिवशी राज्यातल्या कचेऱ्यांत एकाच वेळी इतके हार-तुरे लागतात की फुलवाल्याने भाव चढवावेत. गुरुजींनी १ च्या जागी २ लिहिले असते, तर अख्ख्या जूनचा पगार पदरात पडला असता. एका आकड्याचा प्रश्न होता! टाक हातात होता, शाई सरकारी होती; गुरुजींचे काय जात होते?

आता हेही नमूद करणे न्यायाचे की, याच गुरुजींनी भर पावसात, ओढ्याला पाणी असताना, वाडी-वाडी पालथी घालून पोरे गोळा केली. म्हसरांमागे गेलेले पोर रानातून धरून आणले. आणि कान हाती लागत नसेल तर मान जराशी वाकवून तो लावून दिला. त्यांनी ती रेघ ओढली नसती तर कित्येकांच्या नावाची नोंद कोणत्याच कागदावर झाली नसती. परंतु शास्त्र ते शास्त्र. दाखल्यावरच्या तारखेला अंक मागवू नये.

ज्यांना इतकी खटपट नको असेल, त्यांनी खुशाल १ जूनच्याच बातम्या चौकटीत बसवाव्यात. त्या काही हलक्या नाहीत. १९२९ च्या १ जूनला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, १९३० च्या १ जूनला डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली, १९४८ च्या १ जूनला पुण्याहून अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली आणि १९५५ च्या १ जूनपासून अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा अमलात आला. गुरुजींनी तारीख निवडली ती डोळे मिटून, तरी निवड वाईट म्हणता येत नाही.

कलम दुसरे. सरकारी दफ्तर पाहावे, परंतु त्याच्या भरवशावर राहू नये.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू होण्यापूर्वी गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये होत असे. यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ साली ही पुस्तके राज्यभर कपाटांतून बाहेर निघाली, आणि ज्या रेकॉर्ड रूमकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिच्या दाराशी रांगा लागल्या. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत न्यावा, आणि त्याच्या चहाची तजवीज आधी करावी. नोंद सापडलीच तर हुरळून जाऊ नये. तीत बापाचे नाव असते, ‘मुलगा’ एवढा शब्द असतो; मुलाचे नाव नसते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते. तीन भाऊ असतील तर त्यांतला हा कोणता, हे ठरवताना भाऊबंदकीचा नवा दावा उभा राहतो. शिवाय तेथली तारीख जन्माची की कोतवालाला वर्दी पोचल्याची, हेही तपासावे.

कलम तिसरे. साक्षीपुरावा घ्यावा, आणि तो आईचाच घ्यावा.

बाप या कामी निरुपयोगी. मुलाच्या जन्माच्या वेळी तो मुंबईस तरी असतो किंवा खाचरात तरी. साक्ष आईची, ती नसेल तर आत्याची किंवा थोरल्या काकूची. साक्षीदारास तारीख कदापि विचारू नये. पाऊस कितपत होता, रानात काय चालले होते, घरात कोण पाहुणे होते, हे विचारावे. राब भाजण्याचे दिवस म्हणजे उन्हाळा. तरवा उपटायला आला म्हणजे आषाढाच्या आगेमागे. भात झोडणी म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस. एवढे पंचांग प्रत्येक माउलीला मुखोद्गत असते.

दृष्टांतादाखल आमच्या आत्याचा जबाब देतो. २००७ साली तिच्या थोरल्या मुलाची, म्हणजे आमच्या दादाची, साठी करावयाची ठरली. दाखल्यावर १ जून १९४७. पुण्याच्या एका उत्साही भाच्याने पान मढवण्याचा विडा उचलला, आणि तारखेची रुजवात घेण्यासाठी आम्ही ओटीवर आत्यापुढे बसलो. ती सुपात नाचणी घेऊन खडे वेचीत होती, आणि सबंध जबाब होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

“धोंडा व्हता,” ती म्हणाली. “दोन सरावण आलं व्हतं त्या साली. त्यातला पयला. आवणी उरकत आली व्हती, वरच्या खाचराचं तेवढं राह्यलं व्हतं.”

“पंतांचं राज्य होतं का गेलं होतं?”

“व्हतं की. फुडल्या शिवरातीला गेलं.”

वाचकहो, याला म्हणतात साक्षीदार. पंतांचे भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते ८ मार्च १९४८ रोजी, आणि त्या वर्षीची महाशिवरात्र त्याच सुमारास आली होती. म्हणजे आदला पावसाळा १९४७ चा. इसवी सनातून अठ्ठ्याहत्तर वजा केले की शक येतो (गुढीपाडव्याच्या आधीच्या महिन्यांत एकोणऐंशी). तो आला १८६९, आणि शके १८६९ मध्ये श्रावणच अधिक होता. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो लागला आणि १६ ऑगस्टच्या अमावास्येला संपला. अधिकाची आणखी एक खुबी सांगून ठेवतो: एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख यांचा मेळ पुन्हा बसतो, म्हणून १९४७ नंतर १९६६, १९८५, २००४ आणि २०२३ या सालीही श्रावणच धोंड्याचा आला. जुने पंचांग हाती नसेल तर या हिशेबाने पुष्कळ निभावते.

आता महिना हाती लागला, आणि त्या महिन्याच्या पोटात १५ ऑगस्ट आहे हे कळताच ओटीवर एकच गलबला झाला. भाच्याच्या डोळ्यांपुढे तर पान छापून तयारच झाले. “आत्या, पंधरा ऑगस्टच असंल! झेंडा-बिंडा, मिरवणूक काही आठवतं का?”

“कसला झेंडा? शनवार व्हता. धाकली जाऊ मारुतीला त्याल घालाया गेलती, तिला मागारी बोलीवली.”

१५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार. भाच्याने एका वाराने तडजोड होते का पाहिले. “रात्री बारानंतर शनिवारच लागतो,” इथपर्यंत तो येऊन ठेपला.

“शुक्कारचं प्वार न्हाई माजं,” आत्याने निकाल दिला.

रात्र उजेडी की अंधारी, असे मी विचारले, तेव्हा ती अंधारी म्हणाली; परंतु वेल्ह्याकडे श्रावणात पौर्णिमासुद्धा अंधारीच असते, ही भाच्याची हरकत मान्य करणे भाग पडले. मग आत्यानेच आपण होऊन सांगितले की, सासूने संकष्टी सोडली त्याला तीन-चार रोज झाले होते, आणि घरात उकडीच्या मोदकांचे तांदूळ उरले होते, त्याची पेज तिला पाजली. संकष्टीनंतरचा शनिवार म्हणजे ९ ऑगस्ट १९४७. पुढचा शनिवार १६ तारखेचा, तो अमावास्येचा. आणि अवसेला पोर झाले असते तर सासूने जन्मभर ऐकवले असते, असे आत्या म्हणाली. पेजेत मीठ नव्हते, हेही तिने साठ वर्षांनी नमूद करून ठेवले.

सारांश, गुरुजींनी दादाला त्याच्या जन्मापूर्वी दोन महिने जन्मास घातले, फाळणीची योजना जाहीर व्हायलाही दोन दिवस अवकाश असताना. १ जून १९४७ हा तर रविवार. वाराचा एवढा पडताळा कोणीही घरबसल्या घ्यावा. आणि दादा ३१ ऑगस्ट २००५ च्या ऐवजी ३१ मे रोजी निवृत्त झाला होता, त्या तीन पगारांचा हिशेब वहिनींनी तेथल्या तेथे मांडला.

कलम चौथे. नाउमेद होऊ नये.

तारखेचा घोळ हे काही गरिबाघरचेच लेणे नव्हे. शिवछत्रपतींची जन्मतिथी शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, यावर महाराष्ट्रातल्या विद्वानांनी किती शाई आटवली हे सर्वश्रुत आहे. त्या वादात फाल्गुन वद्य तृतीयेच्या, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० च्या बाजूने जो मातबर पुरावा पुढे आला, ती जेधे शकावली, निघाली कोठून? भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरातून. टिळकांनी ती मिळवून १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्धीस आणली. पुढे परमानंदाच्या शिवभारताने आणि जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. ज्या तालुक्याच्या कागदाने छत्रपतींची जन्मतिथी सिद्ध झाली, त्या तालुक्यातल्या पोरांच्या नशिबी मात्र उभी रेघ!

राजाराम महाराजांना ही अडचण नव्हती. त्यांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० चा, आणि तो वेल्ह्यातल्या राजगडावरचा. ते पालथे उपजले आणि त्यावर महाराजांनी दिल्लीची पातशाही पालथी घालण्याचे भाकीत केले, असे सभासद सांगतो. त्या दिवसांची मोठी बातमी म्हणजे वीस दिवसांपूर्वी सर झालेला कोंडाणा, आणि ती राजगडावर आली ती रातोरात, समोरच्या गडावर पेटवलेल्या आगीने. वार्ताहर, छापखाना आणि टपाल या तिन्ही खात्यांचे काम एका जाळात उरकले.

कलम पाचवे. अंक कोणता काढावा.

याबाबत सुशिक्षितही फसतात. सकाळी निघणाऱ्या दैनिकात आदल्या दिवसाचा मजकूर असतो. ज्या दिवशी जन्म झाला त्या तारखेचा अंक मढवला, तर आईला कळा सुरू होण्यापूर्वीचे जग काचेत बसते. खुद्द त्या दिवशीचे जग पाहायचे तर दुसऱ्या दिवशीचा अंक काढावा. दोन्ही काढावेत हे उत्तम. दूरच्या बातमीला तर याहूनही विलंब होई. तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले ते २९ मे १९५३ रोजी. ती बातमी लंडनच्या ‘टाइम्स’ने छापली २ जूनला. म्हणजे १९५३ चे आमचे समस्त १ जूनवाले जन्मले, तेव्हा शिखर सर होऊन तीन दिवस उलटले होते आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता.

‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला तो मंगळवारचा साप्ताहिक म्हणून. पणजोबा बुधवारी जन्मले असतील तर सहा दिवस कळ काढावी. पुण्याच्या दैनिकांत ‘ज्ञानप्रकाश’ फार जुना. ‘सकाळ’ १ जानेवारी १९३२ पासूनचा. मुंबईचा ‘लोकसत्ता’ १९४८ चा आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ चा. यांच्या जन्मापूर्वी जन्मलेल्याने त्यांच्याकडे दाद मागू नये. १६ ऑगस्टला जन्मलेल्याची स्थिती अधिकच दयनीय, कारण स्वातंत्र्यदिनी छापखान्यांना सुटी असल्याने त्या तारखेचा अंक बहुतेक पत्रांचा निघतच नाही.

फाइल हाती आली की बोटाला थुंकी लावू नये. जुना कागद कडेने मोडतो; पान दोन्ही हातांनी, मधून आधार देत उलटावे. आणि ठळक मथळ्यावर समाधान मानू नये. गुळाचा भाव, नाटकाची जाहिरात, हरवलेल्या बैलाची नोटीस, पावसाचे आकडे, हे आधी वाचावे; आई ज्या जगात बाळंत झाली ते जग बहुधा पानाच्या त्या कोपऱ्यात असते.

दादाच्या ९ ऑगस्टची मोठी हकीगत म्हणजे त्या दिवशी गांधीजी कलकत्त्यास पोचले. जीना दोन दिवसांपूर्वी कराचीत उतरले होते. भाच्याला हे पसंत पडले नाही. सहा दिवसांनी काय बिघडले असते, असे तो अजून म्हणतो.

कलम सहावे. पानशेत.

आपला गाव वर्तमानपत्रात सापडेल अशी आशा बाळगू नये. वेल्हे तालुक्याला एक दिवस सापडला होता: १२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, खाली खडकवासल्यालाही भगदाड पडले आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. ‘धरण फुटलं त्या साली’ हा आमच्याकडे तेव्हापासून शकच होऊन बसला आहे. परंतु त्या दिवशी जन्मलेल्याने १२ जुलैचा अंक उघडला तर त्यात प्रलयाविषयी एक अक्षरही सापडायचे नाही, कारण तो अंक पाण्याच्या आधी छापलेला. आणि त्यानंतरचे अंक उघडले तर पुण्याच्या पेठा सापडतील, पूल सापडतील, वाहून गेलेली भांडीकुंडी सापडतील. धरण वेल्ह्याचे, जमिनी वेल्ह्याच्या, पूर मात्र पुण्याचा!

कलम सातवे आणि शेवटचे. सापडलेली तारीख घरातच ठेवावी.

ती बँकेत नेऊ नये, ट्रेझरीत तर मुळीच नेऊ नये. पेन्शनच्या कागदावर, आधार कार्डावर, रेशन कार्डावर आणि दर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यावर १ जून आहे; तिच्यात फरक दिसला तर समोरचा कारकून चष्मा वर करून, मजकूर इसम व आपण एकच कशावरून, असा सवाल टाकील, आणि आत्याचा जबाब तेथे चालत नाही. दादाने हे तत्काळ ओळखले. पान त्याने भिंतीवर लावले, मोदकाच्या पेजेची हकीगत आल्यागेल्याला सांगितली, आणि साठीचा दिवस कोणता धरावा असे विचारताच म्हणाला, “एक जून. गुरुजींनी लिहिलंय ते बरोबर आहे.” त्यामुळे पुण्याच्या भाच्याला रजेचा अर्ज बदलावा लागला, आणि वहिनींनी तीन पगारांचा विषय पुन्हा काढला.